सेकंड हँड स्विफ्ट डिझेल, २०१२ ची, १ लाख ४६ हजार किमी झालेली. मेंटेनन्सचं प्लॅनिंग कसं करू?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की गाडी सध्या नीट चालतेय, जुन्या मालकाकडून सर्व्हिसचा एकही कागद मिळाला नाही, आणि घरचे म्हणतात उगाच खर्च करू नको, बिघडेल तेव्हा बघू. हेच वाक्य मी २०१५ मध्ये ऐकलं होतं, आणि मानलं होतं.

माझी सँट्रो झिंग, २००८ ची. घेतली तेव्हा ६२ हजार झाले होते. नाशिकच्या इंदिरानगरहून सिन्नर एमआयडीसी, जाऊन येऊन रोजचे साठएक किलोमीटर, मधे मोहदरी घाट, आणि साडेसातला लॅबमध्ये पहिल्या शिफ्टचं सॅम्पल लागतं म्हणजे लागतं. मुलगी तेव्हा तिसरीत होती, कंपनीच्या बसची वेळ मला जमत नव्हती, म्हणून स्वतःच्या पैशाने गाडी घेतली. विकणाऱ्याने सांगितलं टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करणारा पट्टा, बदललाय. बिल मागितलं तर सापडत नाही म्हणाला. वडाळा नाक्यावर एक गॅरेजवाले चाचा आहेत, त्यांना गाडी दाखवली, त्यांनी टॉर्च लावून बेल्टच्या कव्हरचे बोल्ट बघितले आणि म्हणाले, "ताई, याला कधी पाना लागलेलाच नाही. बेल्ट बदलला असेल तर कव्हर न काढता कसा बदलला? आधी हे करून घ्या, बाकीचं नंतर." बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, मजुरी धरून ३,२०० सांगितले. मी हो म्हणणार तेवढ्यात सोबत आलेले माझे दीर म्हणाले, "वहिनी, चालत्या गाडीला हात लावायचा नसतो. बाईमाणूस बघून बनवतोय तो." आणि मी चाचांच्या समोर नको म्हटलं. ते काही बोलले नाहीत, फक्त बॉनेट लावलं.

दिवाळीच्या आधीचा आठवडा, ६६ हजार आणि काहीतरी झाले होते. मोहदरी घाट चढताना तिसऱ्या गियरमध्ये इंजिन बंद पडलं. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही, नुसतं बंद, आणि डॅशबोर्डवरचे सगळे लाल दिवे एकदम लागले. स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक दोनदा दाबल्यावर तोही कडक. मागे कांद्याचा ट्रक होता, त्या ड्रायव्हरने लांबून हॉर्न न मारता गाडी काढली आणि पुढे थांबून क्लीनरला माझ्यामागे दगड लावायला पाठवलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. मी स्टार्टर मारला तर इंजिन रिकामा मिक्सर फिरावा तसं हलकं, भराभर फिरायला लागलं. चाचांना फोन लावला, आवाज ऐकवला. ते म्हणाले, "ताई, आता चावी लावू नका, तशीच ओढून आणा."

बारापैकी सहा व्हॉल्व्ह वाकले होते. बेल्ट तुटला की वरचे व्हॉल्व्ह जिथल्या तिथे उघडे राहतात आणि खालून पिस्टन येऊन आदळतो, या इंजिनात दोघांना जागाच नाही. चाचांनी एक व्हॉल्व्ह टेबलाच्या काचेवर ठेवून बोटाने फिरवून दाखवला, तो असा डगमगत फिरत होता की मला पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही. बिल १९,४००, टोईंगचे १,८०० वेगळे, नऊ दिवस गाडी गॅरेजला आणि नऊ दिवस मी नाशिकरोडहून एसटीने. घरी आल्यावर भाऊजी काय म्हणाले माहितीये? "म्हणूनच सांगत होतो, जुनी गाडी घ्यायचीच नव्हती."

आता तुमच्या गाडीचं. तुमच्या स्विफ्टला बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे माझी गोष्ट जशीच्या तशी तुम्हाला लागू नाही. पण चेनवाल्या गाडीला मेंटेनन्स नाही असं जे सगळे सांगतात ते साफ चुकीचं आहे. चेन आणि तिचा टेन्शनर ऑईलवर जगतात. आधीच्या मालकाने ऑईल लांबवलं असेल तर चेन ताणली जाते, मग थंडीत सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. डिसेंबरमध्ये आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा एक दिवस खिडकी उघडी ठेवून, रेडिओ बंद करून स्टार्ट करा आणि ऐका. खडखड असेल तर लांबवू नका. नसेल तरी पहिलं ऑईल आत्ता लगेच आणि दुसरं पाच हजारावर बदला, दहावर नाही, कारण आत किती गाळ आहे ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

हिस्ट्री नाही याचा अर्थ काहीच झालेलं नाही असं धरून चालायचं. ऑईल, एअर आणि डिझेल हे तीनही फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल, हे सगळं एकाच महिन्यात. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, किलोमीटर होवोत न होवोत, दोन वर्षांनी बदलायचं. त्याचं महत्त्व कसारा घाट उतरताना कळतं, तिथे ब्रेक तापले आणि त्यातलं पाणी उकळलं की पेडल नुसतं खाली जातं. कूलंटच्या टाकीत साधं पाणी सापडलं तर समजा की गाडी गळते आणि कोणीतरी बोअरचं पाणी ओतून दिवस काढलेत. रेडिएटरचे होज, म्हणजे रबरी पाईप, इंजिन थंड असताना दाबून बघा, भेगा किंवा फुगा दिसला तर सगळेच बदला, एकेक करत बसू नका. काही शेकड्यांत मिळणाऱ्या रबराच्या तुकड्यामुळे इंजिनचं हेड जातं. आणि घाटात टेम्परेचरचा काटा चढताना दिसला तर घाट संपायची वाट बघायची नाही, गाडी तिथेच कडेला घ्यायची. सगळं पाणी गेलेलं असलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो, त्याला बघून लोक खुश होऊन पुढे चालवतात.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान असू दे, असलं टायर काढून टाका. सस्पेन्शनची खटखट, काचेची मोटर, सेंट्रल लॉक हे सगळं नंतर. आधी गाडी थांबायला हवी, मग तापायला नको, मग बाकीचं. क्लचला मात्र आत्तापासून पैसे बाजूला टाका, दीड लाखाच्या आसपास तो कधीही हात वर करेल. पहिल्या महिन्यात पंचवीस-तीस हजार आणि मग दरमहा तीन हजाराची आरडी, मी तरी असंच करेन. एखाद्या वर्षी काहीच निघालं नाही तर ते पैसे मोडायचे नाहीत, ते पुढच्या वर्षीच्या क्लचचे आहेत.

आणि वही ठेवा. मोबाईलमध्ये नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात मावेल अशी वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. २०१५ पासून माझी सुरू आहे. काढलेला जुना पार्ट मी मागून घेते आणि नव्याचं खोकं बघते, त्यावरचा नंबर लिहून ठेवते. टायमिंग कव्हरवर चाचांनी मार्करने किलोमीटर घातलेत, पुढचा बेल्ट त्या आकड्यावरून. बाईमाणसाला गॅरेजवाले बनवतात म्हणतात ना, वही उघडून "आधीचे ब्रेक पॅड ४० हजार किमी चालले, हे १५ हजारात कसे संपले" असं विचारलं की बाई असो की पुरुष, समोरचा नीट बोलतो. त्या दिवशी चाचा मला बनवत नव्हते. माझ्या गाडीबद्दल खरं बोलणारा तिथे तोच एक माणूस होता आणि मी त्यालाच नाही म्हटलं.

भाऊजींनी २०१६ ला कर्जावर नवी गाडी काढली, ११,८०० हप्ता, पाच वर्षं. दर गणपतीत जेवताना तेच, वहिनी किती पैसे घालता त्या डब्यात. मागच्या वर्षी मी वही आणून ताटाशेजारी ठेवली. नऊ वर्षांत पेट्रोल आणि इन्शुरन्स सोडून २ लाख ४१ हजार, त्यात ते १९,४०० पण आले, दोनदा टायर, तीनदा बॅटरी, एकदा क्लच. महिन्याला सव्वादोन हजार पडतात. ते म्हणाले जुन्या गाडीची किंमत काहीच येणार नाही. मला विकायचीच नाहीये. आता २ लाख ८ हजार झालेत, आणि त्या घाटानंतर एकदाही ती रस्त्यात बंद पडलेली नाही. एकदाही नाही.

काही गोष्टी मात्र आधी सांगायला हव्या होत्या. गाडीला मोठा अपघात झालेला असेल किंवा ती पुरात बुडालेली असेल तर यातलं काही करू नका, विकून मोकळे व्हा. खाली चॅसिसला गंज आहे का ते रॅम्पवर चढवून बघा. माझ्या गाडीला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, आणि मुलगी आता चालवायला शिकतेय, तिला मी ही हायवेला देणार नाही, तिथे भाऊजींचं म्हणणं मला मान्य आहे. तुमची २०१२ ची म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं होतील. तेव्हा पेठ रोडला आरटीओत गाडी दाखवून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल, मी २०२३ ला केलं, ५,००० फी आणि पर्यावरण कर वेगळा. ते पैसे वरच्या तीन हजारात धरलेले नाहीत.

डिझेल फिल्टरचं राहिलंच. त्यात खाली पाणी साठतं, ते मेकॅनिककडून काढून घेत जा, नाहीतर इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर खराब होतात आणि त्यांचा खर्च माझ्या सहा व्हॉल्व्हच्या वर जाईल. घाट चढून वर आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर तशीच चालू ठेवा, टर्बो थंड होऊ दे.