बाबासाहेबांच्या पुतळ्याचा निळा कोट आणि आकाश ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर वेगळे कसे दिसतील?

तुमच्या गावच्या चौकातला पुतळा एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर काढला तर कोट आणि आकाश एकाच करड्या रंगात मिसळले, आणि लाल फिल्टर लावल्यावर कोट काळाठिक्कर पडला, असं तुम्ही लिहिलंय. कोटही निळा, आकाशही निळं, त्यामुळे लाल फिल्टर दोघांनाही गडद करणारच. वर लाल टाय त्यातून शर्टासारखा पांढरट दिसतो. बाबासाहेबांचा फोटो असा निघता कामा नये.

लाल फिल्टर बाजूला ठेवा, पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा, फिरवता येणारा फिल्टर लावा. तो रंग बघत नाही, त्यामुळे कोटाची छटा जवळपास तशीच राहते आणि फक्त आकाश गडद होतं. आपल्याकडचे बरेच पुतळे सिमेंटचे, ऑइलपेंट मारलेले. १४ एप्रिलच्या आधी नवा हात मारला की कपाळावर, खांद्यावर पांढरे चट्टे चमकतात; तेही यानं कमी होतात. अट एकच: सूर्य तुमच्या खांद्याच्या बाजूला हवा. पाठीशी असेल तर आकाश गडद होत नाही.

पुतळ्याचं तोंड पूर्वेला असेल तर हिवाळ्यात सकाळी साडेआठच्या सुमारास, सूर्य आग्नेयेला असताना, ईशान्येला उभं राहून नैर्ऋत्येकडे कॅमेरा धरा. ऊन चेहऱ्यावर तिरपं पडतं, चष्म्याची कड आणि कोटाची घडी उठून दिसते. उचललेल्या हाताची सावली चेहऱ्यावर येत नाही ना, तेवढं बघा. चौथऱ्याला चिकटून ५० एमएम लेन्सनं काढलं तर हनुवटीच मोठी दिसते. ८५ किंवा १३५ लावून मागं सरका, समोरच्या घराची गच्ची मिळाली तर उत्तम.

मीटरला आकाश दाखवू नका, चेहरा काळा पडतो. त्याच उन्हात तळहात धरून मोजा आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश द्या. मीटरवर फिल्मचा आयएसओ ४०० ऐवजी २०० धरायचा. पोलरायझर दीड-दोन स्टॉप खातो, म्हणजे साधारण एफ ८ आणि १/१२५.

धुताना डी-७६ डेव्हलपर, एकास एक पाणी, २० अंशांवर ११ मिनिटं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३० च्या वर असतं. डेव्हलपर, फिक्सरच्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून थंड करा, बर्फ आत टाकू नका. द्रावण पातळ होतं.