अमोनियम सल्फेट घातल्यावर अँटिबॉडीचे स्फटिक न येता पांढरा साकाच का बसतो?

तुम्ही लिहिलंय की सशाच्या सीरमपासून (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवापासून) वेगळी केलेली आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटिबॉडी, एका बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) नितळ राहते, दुसऱ्यात दुधाळ होते, आणि अमोनियम सल्फेट घातलं की नुसता साका बसतो. मीही नाशिकलाच प्रथिनांवर काम करते, म्हणून इथल्या हवेचा हिशेब धरूनच सांगते.

साका काय किंवा स्फटिक काय, दोन्हींमागे रेणूंमधलं आकर्षणच असतं. फरक त्याच्या जोराचा. आकर्षण फार झालं की रेणू जसे भेटतील तसे चिकटतात आणि मग सुटत नाहीत. स्फटिक व्हायचा तर वाकडा बसलेला रेणू सुटून पुन्हा नीट बसायला हवा, म्हणजे आकर्षण हवं पण बेताचं. १९९४ मध्ये जॉर्ज आणि विल्सन यांनी दाखवलं की प्रथिनांचे स्फटिक ज्या द्रावणांत येतात, तिथे हे आकर्षण बहुतेक वेळा एका अरुंद पट्ट्यातच असतं.

हा जोर द्रावणावर ठरतो. पीएच समविद्युत बिंदूपासून (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य होतो त्यापासून) लांब असेल तर सगळ्या रेणूंवर एकाच जातीचा भार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. त्या बिंदूजवळ गेलात की दुधाळपणा येतो. थोडं मीठ या भारावर पांघरूण घालतं. अमोनियम सल्फेट भरपूर झालं की मात्र प्रथिन पाण्यात टिकतच नाही, आणि तुम्ही ते एकदम ओतलंत तर रेणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं तंत्र निराळं: त्याच्या लांब साखळ्या दोन रेणूंमधल्या फटीत मावत नाहीत, म्हणून रेणू बाहेरून एकमेकांकडे ढकलले जातात. हे आकर्षण मऊ असतं, सुरुवात त्यानेच करा.

पण तुमची खरी अडचण बफर नाही, सीरम आहे. सीरममधल्या आयजीजीत असंख्य प्रकारचे रेणू असतात: प्रत्येक रेणू इंग्रजी Y सारखा, दोन हात आणि एक बुंधा, आणि प्रत्येकाच्या हातांची टोकं वेगळी. अशा मिसळीचा एकसारखा स्फटिक रचला जाणं जवळपास अशक्य. रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये सशाचीच आयजीजी पपईच्या चिकातल्या पपेनने तोडली तेव्हा हातांचे तुकडे विरघळलेलेच राहिले, आणि सगळ्या रेणूंत जवळजवळ सारखा असलेला बुंधा थंडीत स्फटिक होऊन बसला. हा प्रयोग तुमच्या प्रयोगशाळेत सहज जमेल, मला तरी तो प्रकल्पासाठी उत्तम वाटतो. अख्ख्या अँटिबॉडीचा स्फटिक हवाच असेल तर मोनोक्लोनल, म्हणजे सगळे रेणू एकसारखे असलेली अँटिबॉडी घ्या. तरीही हात आणि बुंधा यांच्यामधली बिजागरी लवचिक असल्यामुळे झगडावं लागेल.

थेंब काचेवर उलटा टांगून, कडा ग्रीसने नीट बंद करून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि थंडीत रात्री १० च्या खाली जातो. उघड्या टेबलावर त्या थेंबाचं काही खरं नाही, स्थिर तापमानाचं इन्क्युबेटर मागून घ्या.

आणि चमकणारं काही दिसलं तर लगेच हुरळू नका, मिठाचे खडेही तसेच चमकतात. थेंबात मिथिलीन ब्लूचा अगदी किंचित अंश सोडा. प्रथिनाच्या स्फटिकात सुमारे अर्धं पाणीच असतं, म्हणून रंग आत झिरपून तो निळा होतो. मिठाचा खडा पांढराच राहतो आणि सुईने दाबला की कर्रकन मोडतो.