देवाशी भांडलं तर चालतं का? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

आषाढी झाली की भक्ती या विषयावरच्या पत्रांचा आणि मेसेजेसचा नुसता ढीग लागतो. त्यातले पाच घेतलेत.

प्रश्न : माझे मिस्टर बरेच महिने आजारी आहेत. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या वारी आहे, मीही रोज पूजा करते, पण हल्ली विठोबासमोर बसलं की नुसता राग येतो. परवा तर मोठ्याने बोलले त्याला. सासूबाई म्हणाल्या देवाला असं बोलणं पाप आहे. माझी भक्ती संपली का?
– एक वाचक, सांगली

ताई, सासूबाईंना जनाबाईचा एक अभंग वाचून दाखवा, फक्त आधी त्यांना खाली बसवा. 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' अशी सुरुवात आहे, पुढे विठोबाच्या बायकोला रंडकी म्हटलंय, त्याचं मढं काढलंय, आणि शेवटी सही केल्यासारखं स्वतःच सांगितलंय की अंगणात उभी राहून दासी जनी शिव्या देतेय. हे कुणा नास्तिकाचं लिहिणं नाहीये. गंगाखेडची ही पोरगी, लहानपणी पंढरपुरात नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या त्या घरात आयुष्यभर राबली, दळण, कांडण, झाडलोट सगळं. आणि तिच्याच अभंगात 'झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी' असंही आहे, म्हणजे ज्या देवाला ती शिव्या घालते तोच तिच्या मागे मागे केर भरत फिरतो. माझ्या मते हे दोन अभंग वेगवेगळे वाचूच नयेत. जो आपल्या घरचा केर भरतो त्यालाच असं बोलता येतं, परक्याला आपण 'अहो जरा ऐकता का' म्हणतो.

नामदेवांचं बघा. 'पतितपावन नाम ऐकुनी आलो मी द्वारा, पतितपावन न होसी म्हणुनी जातो माघारा' हे आपण लहानपणापासून चालीत म्हणत आलोय, इतक्या गोड चालीत की त्यात देवाला काय सुनावलंय ते कानाआड होतं. तुझी जाहिरात ऐकून आलो, माल तसा नाही, परत चाललो! पुढच्या ओळीत तर 'घेसी तेव्हा देसी ऐसा अससी उदार' म्हणजे आधी घेतोस मग देतोस, मोठा उदार लागून गेलास. हे सरळ सरळ टोमणे आहेत हो.

आणि तुकोबा. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय, धंद्याचं दिवाळं निघालं, लोकांत पत गेली. त्यांच्या गाथ्यात 'माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल' असा अभंग आहे. ज्याच्यासाठी असेल त्याच्यासाठी असो, मला मेला, आता त्याच्याशी बोलणार नाही, नावही घेणार नाही. कीर्तनात हा अभंग फारसा ऐकू येत नाही, का ते तुम्हीच समजा. पण गंमत अशी की नाव घेणार नाही हे सुद्धा त्याच्याबद्दलच्या अभंगातच सांगितलंय, आणि गाथ्यात तर चार हजारांहून जास्त अभंग आहेत, म्हणजे अबोला काही फार टिकला नाही.

तेव्हा तुमची भक्ती संपलीय असं मला तरी वाटत नाही. ज्या दिवशी त्याला काही बोलावंसंच वाटणार नाही त्या दिवशी बघू. एक मात्र सांगते, महिनोन् महिने आजारपण काढणाऱ्या बाईचा सगळाच राग देवावरचा असतो असं नाही, त्यात झोप न झाल्याचा बराच वाटा असतो, तर आठवड्यातला एखादा दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मिस्टरांपाशी बसवा. सासूबाईंनाही चालेल.

प्रश्न : ज्ञानेश्वर योगी, संन्याशाचा मुलगा, लग्न नाही काही नाही. मग 'घनु वाजे घुणघुणा' मध्ये प्रियकरासाठी तळमळणारी बाई होऊन का लिहिलंय? मला ऐकायला खूप आवडतं पण जरा ऑकवर्ड पण वाटतं.
– आयटीवाला वाचक, पुणे

ऑकवर्ड वाटतंय म्हणजे शब्द नीट ऐकलेत तुम्ही, बहुतेक लोक लताबाईंच्या आवाजात वाहून जातात आणि शब्द राहतात. चांदणं नको, चाफा नको, चंदन नको, देवकीनंदनावाचून काही आवडत नाही, कान्ह्याला लवकर भेटवा. याला विरहिणी म्हणतात, आणि ज्ञानेश्वरांनी एकच नाही, बऱ्याच लिहिल्यात. 'पैल तो गे काऊ कोकताहे' हीसुद्धा तीच, दाराशी कावळा ओरडला म्हणजे पाहुणा येणार, तर ती कावळ्यालाच लाच देत बसलीय, दहीभात देते पण खरं सांग तो कधी येणार.

हे त्यांनी एकट्यांनी केलं असंही नाही. तमिळ देशात आळवारांनी, म्हणजे तिथल्या विष्णुभक्त संतकवींनी, त्यांच्या कितीतरी आधी हे केलं, नम्माळवार पुरुष असून नायिका होऊन गायले, आणि आंडाळ तर खरीच मुलगी, श्रीविल्लिपुत्तूरची, तिला रंगनाथाशीच, म्हणजे विष्णूशीच, लग्न करायचं होतं. नारदभक्तिसूत्रात आसक्तीचे अकरा प्रकार दिलेत, त्यात दास्य आहे, सख्य आहे, वात्सल्य आहे, कांतासक्ती म्हणजे प्रेयसीची ओढ आहे, आणि यादीत सगळ्यात शेवटी परमविरहासक्ती. भेटीच्या नाही तर न भेटण्याच्या प्रेमाला शेवटची जागा दिलीय, हे मला फार आवडतं. आणि भक्तीचं उदाहरण कुणाचं दिलंय, तर व्रजातल्या गोपींचं, ज्यांना ना वेद येत होते ना योग.

पण एक फरक लक्षात ठेवा. बंगालात चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेत राधा मधोमध आहे, आपल्याकडे पंढरपुरात तसं नाही. आपल्याकडे गवळणी आहेत, एकनाथांची 'वारियाने कुंडल हाले' आहे, भजनात गवळण म्हटल्याशिवाय मंडळी उठत नाहीत, पण वारकऱ्याचा मुख्य सूर आईचा. विठाबाई, विठाई, माउली. तुकोबांना विरह सांगायचा झाला तर ते प्रेयसी होत नाहीत, ते सासरी निघालेली मुलगी होतात, 'कन्या सासुऱ्यासी जाये, मागे परतोनी पाहे', आणि लगेच पुढे आईपासून चुकलेलं लेकरू, पाण्याबाहेरची मासोळी. चार ओळीत तीन वेळा जीव तुटतो. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या एका काळ्या मूर्तीला आई, बाप, सखा, प्रियकर, चोर, कर्जबुडवा सगळं म्हणून झालंय. ऑकवर्डपणा सोडा आणि ऐका.

प्रश्न : एवढी भक्ती शेवटी मोक्षासाठीच ना?
– एक वाचक, नागपूर

तुकोबांना विचारा. 'न लगे मुक्ती आणि संपदा, संतसंग देई सदा' आणि वर 'गर्भवासी सुखे घालावे आम्हासी'. परत जन्माला घाल, चालेल. झालं उत्तर.

प्रश्न : सगळे संत देवाच्या प्रेमाबद्दल गातात, मग चोखोबा देवळाबाहेर का राहिले? देवाला त्यांचं प्रेम पुरत नव्हतं का?
– कॉलेजविद्यार्थिनी, सोलापूर

देवाला पुरत होतं, बडव्यांना, म्हणजे देवळाच्या पुजाऱ्यांना, पुरत नव्हतं. चोखोबा मंगळवेढ्याचे, आणि 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' म्हणणारा हा माणूस अस्पृश्य म्हणून पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराच्या आत जाऊ शकला नाही. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. ती आजही तिथेच आहे, नामदेव पायरीच्या समोर. म्हणजे मेल्यावरसुद्धा दाराबाहेरच.

हे कुणी गोड करून सांगायला लागलं ना, की देव स्वतः चोखोबाच्या घरी जेवायला गेला वगैरे, तर त्या कथा खोट्या आहेत असं मी म्हणत नाही, त्या भक्तांच्या कथा आहेत, पण त्यावर माना डोलावून समोरचं बंद दार विसरू नका. त्यांच्या बायकोने, सोयराबाईने, विसरू दिलं नाही. 'अवघा रंग एक झाला' तिचाच, किशोरीताई आमोणकरांनी गायलेला, तो सगळ्यांना माहीत. पण तिनेच 'देहासी विटाळ म्हणती सकळ' लिहून विचारलं की विटाळ देहातच जन्माला येतो, तर मग सोवळा झाला कोण? या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. दार उघडायला १९४७ साल उजाडलं, त्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा कुठे ते उघडलं. चोखोबांना जाऊन सहाशे वर्षं झाली होती.

तुझ्या प्रश्नातला राग मला आवडला, तो कॉलेजात पेपर लिहिताना पण ठेव.

प्रश्न : मला हे सगळं वाचायचंय पण ज्ञानेश्वरी उघडली की दहा ओव्यांत झोप येते. कुठून सुरू करू?
– रिटायर्ड वाचक, नाशिक

काका, ज्ञानेश्वरीपासून करूच नका. १२९० ची मराठी आहे ती, सार्थ, म्हणजे अर्थ दिलेली प्रत घेतली तरी सुरुवातीला दम लागतोच. जनाबाईपासून करा, तिची भाषा अजून कळते. सकलसंतगाथा लायब्ररीत मिळेल, त्यात जनाबाई, चोखोबा, सोयराबाई, कान्होपात्रा सगळे एकत्र आहेत. मनात वाचू नका, मोठ्याने वाचा, दुपारी घरात कुणी नसताना. मग तुकोबा, तेही सलग नाही, कुठलंही पान उघडून. आणि गावात भजनी मंडळ असेल तर एकादशीला जाऊन बसा, गाता येत नसलं तरी टाळ हातात देतात.