पाळी जाताना मनाचे काय होते?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका खेड्यात राहते. वय 47. गेल्या दीड वर्षापासून पाळी कधी वीस दिवसांनी, तर कधी तीन महिन्यांनी येते. रात्री दोनच्या सुमारास अंगातून वाफा निघाव्यात तसे होते, पोलके घामाने भिजते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. छातीत धडधडते, उगाच रडू येते. परवा देवापुढे दिवा लावायला काडी ओढली आणि बोटाला चटका बसेपर्यंत ती कशासाठी ओढली हेच आठवेना. मुलाला भात वाढताना त्याच्यावर अशी ओरडले की तो ताटावरून उठला. सासूबाई म्हणतात, "आमची काय पाळी गेली नाही?" मला वेड लागत आहे का? तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टर कन्नड बोलतात, त्यांच्यापुढे हे सारे मांडता येत नाही.

उत्तर : ताई, तुम्हाला वेड लागत नाही आणि तुमचा स्वभावही बिघडलेला नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. पण मनाला सर्वाधिक त्रास होतो तो बहुधा त्याआधीच्या काही वर्षांत, म्हणजे तुम्ही आज आहात त्या टप्प्यात. या काळात अंडाशयातून मिळणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन एकसारखे कमी होत नाही, ते वरखाली होत राहते. मेंदूत मनःस्थिती सांभाळणाऱ्या सेरोटोनिनसारख्या रसायनांशी आणि शरीराचे तापमान राखणाऱ्या केंद्राशी त्याचा संबंध असल्यामुळे घाम, धडधड, चिडचिड आणि विसरभोळेपणा हे सारे एकदमच अंगावर येते. त्यात रोजची झोपमोड. महिनोन्‌महिने रात्री दोनला उठून बसणाऱ्या कोणत्याही माणसाच्या हातून ताटावर आवाज चढेल, हे मुलालाही सांगा. त्याला कारण कळले तर तो ते ओरडणे मनाला लावून घेणार नाही.

मात्र सगळेच पाळीच्या माथी मारू नका. थायरॉइडचा विकार, रक्त कमी असणे, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही असाच थकवा आणि उदासी येते, म्हणून आधी रक्त तपासून घ्या. बाळंतपणानंतर किंवा पूर्वी कधी नैराश्य आले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अशा स्त्रियांना या काळात ते पुन्हा होण्याचा धोका अधिक असतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहिले, आवडीच्या कामातही जीव रमेना, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर वेगळे उपचार घ्यावे लागतात. (पाळी लांबली म्हणजे दिवस राहण्याची शक्यता संपली असेही नव्हे. आणि वर्षभर बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही न दवडता दाखवा.)

उपचार आहेत, हे मला ठासून सांगायचे आहे. हार्मोनच्या गोळ्यांनी घाम आणि झोपमोड कमी होते, अनेकींचे मनही स्थिरावते. परंतु स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी किंवा यकृताचा आजार झालेल्या स्त्रियांना त्या सहसा देत नाहीत. नैराश्यावरील काही औषधे घामाच्या लोंढ्यांवरही उपयोगी पडतात. ती झोपेच्या गोळ्यांसारखी व्यसन लावणारी नाहीत, फक्त मनाने एकाएकी बंद करू नयेत. समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो.

आता भाषेचे. दवाखान्यात जाण्यापूर्वी पंधरा दिवस एका वहीत पाळीच्या तारखा, किती वाजता जाग आली, कधी रडू आले, एवढे लिहा. कन्नडमध्ये पाळीला 'मुट्टु' आणि पाळी जाण्याला 'ऋतुबंध' म्हणतात. झोप येत नाही, हे 'निद्दे बरल्ला' एवढ्याने कळते. गावातील आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंना सोबत नेता आले तर उत्तम. घरबसल्या बोलायचे असेल तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक निःशुल्क असून चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला 'डिमहान्स' ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. आणि 'शक्ती' योजनेमुळे जून 2023 पासून कर्नाटकातील स्त्रियांना राज्याच्या साध्या बसचे तिकीट पडत नाही, म्हणून भाड्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

सासूबाईंना एखाद्या संध्याकाळी विचारून पाहा की त्यांच्या त्या रात्री कशा गेल्या. त्यांच्या पिढीला हे विचारणारे फारसे कोणी नव्हते.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. आई 41 वर्षांची आहे, घरी विड्या वळते. दोन वर्षांपूर्वी तिची गर्भाची पिशवी काढली. तेव्हापासून ती सूप मांडीवर घेऊन नुसती बसते, पाने तशीच वाळतात. "मला जगून काय करायचे," असे दोनदा म्हणाली. मी मुलगी म्हणून काय करू?

उत्तर : ते वाक्य हलक्यात घेऊ नकोस. "आई, जीव द्यावा असे मनात येते का?" असे तिला सरळ विचार, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. ती 'हो' म्हणाली तर तिला एकटी सोडू नकोस, घरातील कीटकनाशक आणि गोळ्या दूर ठेव, 14416 वर फोन कर आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे ने. 'हो' म्हणाली नाही तरी या आठवड्यात तिला दाखवायलाच हवे.

जाताना शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड सोबत घे. त्यात पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढल्याची नोंद असेल, तर तिची रजोनिवृत्ती वर्षांनुवर्षे सरकत न येता एका दिवसात आली आहे. अशा वेळी मनाचा त्रास अधिक तीव्र असू शकतो, आणि इतक्या लहान वयात हाडांसाठी व हृदयासाठीही हार्मोन द्यावे का, याचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञांना करावा लागतो. कार्ड हरवले असेल तर जेथे शस्त्रक्रिया झाली त्या दवाखान्यात नोंदीची प्रत माग.