मित्राने चीनहून हुआंगशान माओफेंग नावाचा हिरवा चहा आणला. त्यात पिवळी पानं दिसतात आणि चहा कडू होतो. माल जुना असेल का?

पिवळी पानं पाहून लगेच टाकून देऊ नका. थोडा चहा पांढऱ्या कागदावर पसरा. हिरवट, लव असलेल्या कळीच्या बुडाशी एखादं इवलंसं पिवळं पान चिकटलेलं दिसतं का? ते वसंतात कळीच्या आधी फुटणारं, अर्धवट वाढलेलं पान. चिनी लोक त्याला सोन्याचा पापुद्रा म्हणतात आणि उंची माओफेंगची ती खूण मानतात. मात्र सगळीच पानं मळकट पिवळी असतील आणि वास गवताच्या जुन्या गंजीसारखा येत असेल, तर माल खरंच जुना आहे.

मी नोकरीनिमित्त शांघायला असताना एका एप्रिलमध्ये आन्हुई प्रांतातल्या हुआंगशान डोंगरावर गेलो होतो. ग्रॅनाइटचे उभे कडे, कड्याच्या भेगांतून वाढलेले पाइन आणि सकाळभर न हटणारं धुकं. सर्वांत उंच शिखर १८६४ मीटर, पण चहा तिथे नसतो, तो खालच्या दऱ्याखोऱ्यांत, उतारांवर. धुक्यामुळे ऊन थेट पडत नाही, थंडीमुळे कोंब सावकाश वाढतात. त्यामुळे पानातला गोडवा देणारा भाग टिकतो आणि तुरटपणा कमी तयार होतो. डोंगरी चहाला लोक जास्त पैसे मोजतात ते यासाठी.

हा चहा १८७५च्या सुमारास श्ये झंगआन नावाच्या व्यापाऱ्याने तयार केला, असं मानतात. तो भाग जुन्या ह्वेईचौचा, म्हणजे चीनभर पसरलेल्या नावाजलेल्या व्यापाऱ्यांचा मुलूख. माओ म्हणजे लव, फेंग म्हणजे शिखर. सर्वोत्तम माल चिंगमिंग सणाच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला खुडतात: एक कळी आणि नुकतं उलगडू लागलेलं एक पान. आधी तापलेल्या कढईत परततात, मग निखाऱ्यांवर बांबूच्या टोपल्यांत हळूहळू सुकवतात. लोंगजिंग या दुसऱ्या चिनी हिरव्या चहाचं पान कढईतच दाबून चपटं करतात. माओफेंगचं तसं नाही, म्हणून ते चिमणीच्या जिभेसारखं किंचित वळलेलं राहतं.

आता कडूपणा. माझा अंदाज, तुम्ही उकळतं पाणी ओतता, कदाचित पातेल्यात उकळूही देता. आपल्या हाताला तीच सवय, पण इतकी कोवळी कळी त्यात भाजून निघते. पाणी उकळलं की गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा. ८० अंशांच्या आसपास हवं. काचेच्या पेल्यात १५० मिलिलिटर पाण्याला ३ ग्रॅम, म्हणजे मोठी चिमूट. झाकण नको, दूध-साखर तर नकोच. दोन मिनिटांनी प्या. तळाशी थोडं पाणी ठेवून पुन्हा भरा. त्याच पानांवर तीन पेले सहज होतात, आणि मला दुसरा पेला सगळ्यांत आवडतो.

पाकीट हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, मसाल्यांपासून दूर. एप्रिलमध्ये खुडलेला चहा दिवाळीपर्यंत संपवलात तर उत्तम.