घानाची राजधानी अक्राहून एका दिवसात केप कोस्ट आणि एल्मिना, हे गुलामांच्या व्यापाराचे दोन्ही किल्ले पाहून होतात का?

होतात, पण पहाटे पाचच्या सुमारास अक्रा सोडायला हवं. उशीर झाला की वाटेतल्या कसोआच्या ट्रॅफिकमध्येच सकाळ जाते. अंतर साधारण 150 किमी, गाडीने तीन-साडेतीन तास. पुढे दोन्ही किल्ले अगदी जवळजवळ. अक्रात नोकरीला असताना पाहुण्यांना घेऊन बऱ्याचदा गेलोय, त्यावरून सांगतो. आधी केप कोस्ट करा आणि गाइडबरोबरच फिरा. गुलाम पुरुषांना कोंडायच्या तळघराच्या बरोबर वर ब्रिटिशांचं प्रार्थनाघर होतं, हे तिथे उभं राहून ऐकलं की अंगावर काटा येतो. एल्मिना पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला, 1637 मध्ये डचांनी जिंकला. तिथे बायकांच्या कोठड्यांसमोरच्या अंगणावर गव्हर्नरचा सज्जा आहे. अंगणात उभ्या केलेल्या बायकांतून तो वरून एकीला निवडायचा, असं गाइड सांगतात. घाई न करता पाहा. फक्त आसिन मान्सो त्याच दिवसात कोंबू नका. किनाऱ्याकडे चालवत आणलेल्या माणसांना जिथे शेवटची आंघोळ घालत, ती नदी केप कोस्टपासून चाळीसेक किलोमीटर आत आहे. तिच्यासाठी एक मुक्काम वाढवा.