हिमालयात वर जावं तसतशी माती नापीक होत जाते का?

सरसकट नाही. मनाली ते रोहतांग हाच रस्ता घ्या. मनाली साधारण 2,000 मीटरवर, रोहतांग 3,978 मीटरवर. दर हजार मीटरला तापमान ढोबळमानाने 6 अंशांनी उतरतं. थंडीत पालापाचोळा कुजवणारे जिवाणू आणि बुरशी सुस्तावतात, त्यामुळे देवदाराच्या जंगलात आणि त्यावरच्या कुरणांत सेंद्रिय कर्ब साचत जातो. कुरणातलं ढेकूळ फोडून बघा: काळंभोर, मुळांच्या जाळ्याने बांधलेलं, हाताला हलकं. पण म्हणून ती आपल्या देशावरच्या काळ्या मातीसारखी कसदार समजू नका. हिचा काळेपणा अर्धवट कुजलेल्या पाल्याचा, आणि त्यातला बराचसा नत्र तिथेच अडकलेला. पिकाला तो लगेच मिळत नाही. शिवाय पावसा-बर्फाच्या पाण्याने चुना धुपून जातो आणि माती आम्लधर्मी होते.

त्याहून वर गवत विरळ झालं की गणित उलटतं. कर्ब घटतो, मातीचा थर पातळ होतो, दगडगोटे वाढतात. मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि ते दगड वर ढकलतं.

नुसती उंची बघूनही चालत नाही. पलीकडे स्पितीतलं काझा रोहतांगपेक्षा खालीच आहे, पण तिथे पाऊसच जेमतेम. गवत येणार कुठून? माती फिकी, रेताड, अल्कधर्मी. वाटाणा आणि जव पिकतात ते वितळलेल्या बर्फाच्या पाटपाण्यावर.